‘मुलाने खिडकी फोडली’ हे ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? बारावीच्या एका मुलीची केस

मी सदाशिव पेठेत घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते, संध्याकाळी सहा ते साडेआठ, एका वेळी चार-पाच मुलं, त्याहून जास्त नाही. ही केस सविस्तर लिहून ठेवायची असं कधीपासून मनात होतं, कारण हीच चूक मला आधीही बऱ्याच मुलांमध्ये दिसली होती पण मी ती “व्हॉइस कच्चा आहे” एवढंच म्हणून सोडून दिली होती. या मुलीमुळे ती पहिल्यांदा मुळापासून कळली. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल असं मला खरंच वाटतं. मुलीचं नाव देत नाही.

ती पर्वती पायथ्याला राहते. बारावी आर्ट्स, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आई चार घरी पोळ्या करते, त्यातलं एक घर आमच्याच बिल्डिंगमधलं, तिथून ओळख. दिवाळीनंतर एकदा आई तिला घेऊनच आली आणि दारातच म्हणाली, “मॅडम, मराठीत कायम पहिली असते हो ही, मग इंग्रजीच का जमत नाही? डोकं आहे का नाही तेवढं बघून सांगा, नाहीतर उगाच बीए इंग्लिशचा हट्ट धरून बसलीये.” मुलगी मान खाली घालून चपलांकडे बघत उभी.

सहामाहीचा पेपर सोबत आणला होता. बोर्डाचा बारावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० मार्कांचा असतो आणि २० मार्क अंतर्गत, तोंडी वगैरे. त्यात उताऱ्यांखाली “डू ॲज डायरेक्टेड” म्हणून व्याकरण येतं आणि कवितेखाली पोएटिक डिव्हाइसचा दोन मार्कांचा प्रश्न, अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. पेपरभर या दोन्ही ठिकाणी लाल रेघा होत्या. मजा म्हणजे पत्र, सारांश, स्वतःचं मत वगैरे लिहायचं तिथे तिचं इंग्रजी बऱ्यापैकी होतं, वाक्यं छोटी पण सरळ, चुका कमी. म्हणजे भाषा येत नव्हती असं नाही, भाषेबद्दल बोलायचं आलं की सगळं कोसळत होतं.

सोबत एक वही होती, आधीच्या एका क्लासच्या नोट्सवरून उतरवलेली. दोन रकाने, डावीकडे इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे मराठी. नाउन म्हणजे नाम, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक/उत्प्रेक्षा, राइम म्हणजे यमक, असं पाच पानं. अक्षर सुंदर, रेघा पट्टीने मारलेल्या, आणि सगळं तोंडपाठ. मी मधूनच कुठलाही शब्द विचारला की उत्तर तयार. मला तेव्हा ती वही बघून बरं वाटलं होतं हे कबूल करते, म्हटलं पाया आहे, फक्त सराव कमी पडतोय.

आणि इथे मी चुकले. मला वाटलं क्रियापदाची तिसरी रूपं कच्ची असणार, बहुतेक मुलांचं तेच असतं, म्हणून दोन आठवडे मी तिच्याकडून गो-वेंट-गॉन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन करून घेतलं. तिने ते चार दिवसांतच संपवलं. पुढच्या टेस्टला व्हॉइस परत तसाच. त्या दोन आठवड्यांत ती हळूहळू गप्प होत गेली, आधी शंका विचारायची ती बंद झाली, आणि एक दिवस पेपर परत देताना म्हणाली, “ताई, मी घोकते ते सगळं बरोबर असतं, तरी उत्तर चुकतं.” हे वाक्य मी विसरले नाही. घोकलेलं बरोबर आणि उत्तर चूक, याचा अर्थ मध्ये कुठेतरी एक पायरी आहे जी मला दिसत नाहीये.

मग मी पंधरा वाक्यं काढली आणि या वेळी मार्क द्यायचे नाहीत, फक्त बघायचं असं ठरवलं. सगळ्यांचं व्हॉइस बदलायचं. पहिली पाच वर्तमान किंवा भविष्यकाळातली, “शी राइट्स अ लेटर” सारखी. पाचही बरोबर, “अ लेटर इज रिटन बाय हर,” काही खोट नाही. म्हणजे पॅसिव्ह करता येतो! पुढची सात भूतकाळातली किंवा “हॅज” वाली: “द बॉय ब्रोक द विंडो,” “शी हॅज रिटन अ लेटर,” अशी. सातही चूक, पण गंमत अशी की सगळी एकाच दिशेने चूक. “द बॉय ब्रोक द विंडो” चं तिने केलं होतं “द बॉय ब्रेक्स द विंडो”. “शी हॅज रिटन अ लेटर” चं “शी राइट्स अ लेटर”. नुसता काळ बदलला होता. मग दोन वाक्यं होती, “द टीचर कॉल्ड द बॉय” आणि “द डॉग चेज्ड द कॅट”, ती तिने कोरी सोडली होती. आणि शेवटचं एक, “ही फरगॉट द अम्ब्रेला”, भूतकाळ असूनही चोख बरोबर.

जो मुलगा अंदाजपंचे सोडवतो त्याच्या चुका विखुरलेल्या असतात. इथे तसं अजिबात नव्हतं, कुठलातरी नियम अगदी काटेकोरपणे पाळला जात होता. मी तिला म्हटलं आता लिहू नकोस, तुझ्या डोक्यात काय चालतं ते मोठ्याने बोल.

“‘द बॉय ब्रोक द विंडो’. म्हणजे मुलाने खिडकी फोडली. हे आधीच पॅसिव्ह आहे ना ताई, म्हणून मी ॲक्टिव्ह केलं.”

“पॅसिव्ह कशावरून?”

“मुलाने खिडकी फोडली, मुलाने माठ फोडला, मुलाने मडकं फोडलं. क्रियापद मुलाचं ऐकतच नाहीये, ते कर्माचं ऐकतंय. कर्म सांगेल तसं क्रियापद चालतं तो कर्मणी प्रयोग. आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह.”

मी पेन खाली ठेवलं. कारण ती जे मराठीबद्दल बोलत होती त्यातला शब्द न शब्द बरोबर होता, शाळेत कुणीतरी उत्तम शिकवलं होतं तिला. चूक होती फक्त शेवटच्या चार शब्दांत, आणि ते चार शब्द तिचे नव्हते, त्या वहीतले होते.

जरा थांबून हे नीट मांडते, कारण सगळी केस इथेच आहे. मराठीत प्रयोग म्हणजे काय, तर क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं ते. “मुलगा माठ फोडतो, मुलगी माठ फोडते,” क्रियापद कर्त्याप्रमाणे बदललं, कर्तरी. “मुलाने माठ फोडला, मुलीने माठ फोडला, मुलीने काच फोडली,” क्रियापद कर्माप्रमाणे, कर्मणी. “शिक्षकांनी मुलाला बोलावलं, शिक्षकांनी मुलीला बोलावलं,” क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसतं, भावे. पण तिन्हींमध्ये काम करणारा माणूस पुढेच उभा आहे, माठ त्यानेच फोडलाय आणि वाक्य त्याच्याबद्दलच आहे. इंग्रजीतला व्हॉइस हे विचारतच नाही. इंग्रजी विचारते की वाक्याच्या पहिल्या खुर्चीत कोण बसलाय, करणारा की ज्याच्यावर झालं तो? “द बॉय ब्रोक द विंडो” मध्ये करणारा खुर्चीत आहे म्हणून ॲक्टिव्ह, “द विंडो वॉज ब्रोकन” मध्ये खिडकी बसलीये म्हणून पॅसिव्ह. दोन वेगळे प्रश्न आहेत हे. फक्त वर्तमान आणि भविष्यकाळात दोघांची उत्तरं योगायोगाने सारखी येतात, त्यामुळे कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह हे खरं वाटायला लागतं, आणि भूतकाळ आला की रस्ता फुटतो.

आता तिची पंधरा वाक्यं परत बघा. वर्तमानकाळ, मराठीत कर्तरी, तिचं उत्तर बरोबर. सकर्मक भूतकाळ, मराठीत कर्मणी, म्हणून ती त्याला पॅसिव्ह समजून “ॲक्टिव्ह” करायला गेली. “कॉल्ड द बॉय” मराठीत भावे, “चेज्ड द कॅट” म्हणजे “मांजरीला पळवलं” हेही भावे, तिच्या वहीत भावेच्या समोर इंग्रजीत काहीच नव्हतं, म्हणून कोरं. आणि ते अम्ब्रेलाचं? “तो छत्री विसरला.” विसरणे, शिकणे, पिणे असली थोडीच क्रियापदं मराठीत अशी आहेत की कर्म असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालतात, तो छत्री विसरला, ती गाणं शिकली, मी चहा प्यायले. म्हणजे ते कर्तरी, म्हणून तिचं उत्तर बरोबर! मला हे जुळलं तेव्हा अंगावर काटा आला. पंधराच्या पंधरा वाक्यांचा हिशोब एका नियमाने लागला, एकही अपवाद नाही. जिला आपण “व्याकरण कच्चं” म्हणत होतो तिच्या व्याकरणात चूक नव्हतीच, भाषांतराच्या तक्त्यात होती.

(भूतकाळात कर्माचं ऐकणाऱ्या या व्यवस्थेला भाषाशास्त्रात अर्गेटिव्ह म्हणतात, हिंदीतही ती आहे, “राम ने रोटी खाई”. पण हिंदी व्याकरणकारांनी वाच्य (खुर्चीत कोण) आणि प्रयोग (क्रियापद कुणाचं ऐकतं) अशी दोन वेगळी नावं ठेवली, त्यामुळे तिथे “राम ने रोटी खाई” हे कर्तृवाच्यच, फक्त प्रयोग कर्मणी, असं बिनधास्त सांगता येतं. आपल्या शालेय मराठीत दोन्हीचा भार एकट्या “प्रयोग” शब्दावर पडतो. मला वाटतं आपणही वाच्य हा शब्द शाळेत आणायला हवा, मुलांचे किती मार्क वाचतील.)

आणि खऱ्या पॅसिव्हसाठी मराठीत सोय नाही असंही नाही. “रामाकडून रावण मारला गेला” हे तिला माहीतच होतं, नवीन कर्मणी म्हणून, कर्मणीचे पोटप्रकार तिला घडाघडा येतात, “त्याचा पेरू खाऊन झाला” समापन, “मला हे काम करवते” शक्य. म्हणजे योग्य खण तिच्या डोक्यात तयार होता. वहीने पॅसिव्हचं लेबल त्या छोट्या खणाऐवजी अख्ख्या कपाटाला चिकटवलं होतं एवढंच.

यावरून एक आठवलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर होता. आपण ज्या आठ शब्दजाती पाठ करतो, नाम, सर्वनाम, विशेषण वगैरे, त्या इंग्रजीच्या आठ पार्ट्स ऑफ स्पीचशी इतक्या बरोबर जुळतात त्याचं कारण हेच. संस्कृतात निरुक्त लिहिणाऱ्या यास्कांनी चारच सांगितल्यात, नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. म्हणून शब्दजातींचा तक्ता करा, जवळजवळ चालतो. पण प्रयोग हे आपल्या भाषेच्या स्वतःच्या स्वभावातून आलेलं प्रकरण आहे, तिथे तक्ता दगा देतो. त्या मुलीच्या वहीत दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच रंगाच्या शाईने, एकाच विश्वासाने लिहिल्या होत्या, कुठली जोडी पक्की आणि कुठली कामचलाऊ हे कळायला काही मार्ग नव्हता.

मग उपाय. पहिल्या दिवशी मी तिला वरचं सगळं समजावलं आणि तिला पटलंही, पण सराव करायला बसली की हात परत जुन्या सवयीने चालायचा. सांगून भागत नाही, डोळ्याला दिसावं लागतं. तेव्हा सुचलं की पुण्यात पॅसिव्ह शिकवायला साहित्य शोधत कशाला फिरायचं, दारोदारी लावलेलं आहे. आम्ही दोघी एका शनिवारी संध्याकाळी टिळक रोडपर्यंत गल्लीबोळातून चालत गेलो, ती वहीत पाट्या उतरवत होती. “फाटकासमोर वाहन लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल.” मी विचारलं, कोण सोडणार हवा? ती हसली, “ते लिहिलंच नाहीये.” हेच! करणारा खुर्चीतून उठून गेलाय, हवा खुर्चीत बसलीये, आणि म्हणूनच पाटीचा धाक वाटतो, कारण कोण येऊन हवा सोडेल ते कळत नाही. “अनधिकृत फलक काढून टाकण्यात येतील.” कोण टाकणार? “फुले तोडल्यास दंड आकारला जाईल.” कोण आकारणार? अशा नऊ-दहा पाट्या मिळाल्या. प्रत्येकीखाली तिने तिथेच उभ्या उभ्या इंग्रजी केलं, “द एअर विल बी लेट आउट”, आणि शेवटी “बाय” लावायचं की नाही यावर आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, बाय नसेल तर पॅसिव्ह अपुरा. क्लासमध्ये नेहमी बाय लावूनच वाक्य पूर्ण करायला लावतात ना. मी म्हटलं पाटीवाल्याला नाव सांगायचं असतं तर त्याने पॅसिव्ह वापरलाच नसता.

मग घरी येऊन उलटं केलं. तीच पाटी पण घरमालकाने रागात तोंडाने सांगितली तर? “मी तुमच्या गाडीची हवा सोडली!” मराठीत कर्मणी, सोडली हे हवेप्रमाणे. इंग्रजीत “आय लेट द एअर आउट,” धडधडीत ॲक्टिव्ह, कारण माणूस छाती पुढे काढून उभा आहे. या एका जोडीने तिला जे लागलं ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने लागलं नव्हतं. त्यानंतर ती प्रत्येक वाक्याला आधी “छाती पुढे कुणाची?” असं पुटपुटायची, आणि इंग्रजी वाक्यात “बी” चं रूप अधिक तिसरं रूप हे जोडीने दिसतंय का ते बघायची. नुसतं तिसरं रूप बघून चालत नाही, “हॅज रिटन” मध्येही तिसरं रूप असतं, आणि तिथेच ती आधी फसायची.

तिने मध्येच एक प्रश्न असा विचारला की मी खूश झाले. “तू मला पुस्तक दिलेस” यात दिले हे पुस्तकाप्रमाणे आणि शेवटचा स तू साठी, मग छाती कुणाची? हा कर्तृ-कर्म संकर, मराठीत क्रियापद एकाच वेळी दोघांचं ऐकतं. इंग्रजीला याचं काही घेणंदेणं नाही, “यू गेव्ह मी अ बुक,” ॲक्टिव्ह. ती म्हणाली म्हणजे मराठीचा प्रश्न मराठीत सोडवायचा आणि इंग्रजीचा इंग्रजीत, मध्ये पूल बांधायचाच नाही का? मी म्हटलं पूल बांध, पण कुठल्या पुलावरून ट्रक जातो आणि कुठल्यावरून फक्त सायकल ते लिहून ठेव. त्या दिवशी तिने वहीला तिसरा रकाना जोडला, “किती जुळतं”.

आणि त्या तिसऱ्या रकान्यानेच अलंकारांचं काम सोपं झालं. तिथेही तीच कहाणी होती.

सिमिली म्हणजे उपमा, ही जोडी चांगली. पण तिला शिकवलं होतं “लाईक किंवा ॲज दिसलं की सिमिली”, त्यामुळे “शी लाइक्स द रेन” मध्येही तिने सिमिली लिहिलं होतं. “शी सिंग्ज लाईक हर मदर” मध्येही, तिथे लाईक आहे, तुलनाही आहे, पण बाईची बाईशी, त्यात अलंकार कसला? दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. हे तिला उपमेमुळे लगेच पटलं, कारण उपमेय आणि उपमान वेगळे लागतात हे ती मराठीत शिकली होतीच, इंग्रजीच्या तासाला ते आणायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

मेटाफरसमोर रूपक/उत्प्रेक्षा लिहिलेलं होतं. यात रूपक ठीक, उत्प्रेक्षा नाही. मी तिच्यासाठी एक ओळ केली, “द ओल्ड बस कॉफ्ड ॲज इफ इट हॅड स्मोक्ड ऑल इट्स लाइफ,” जुनी बस अशी खोकली की जणू जन्मभर विड्या ओढल्यात. तिचं उत्तर, मेटाफर, कारण जणू म्हणजे उत्प्रेक्षा आणि उत्प्रेक्षा म्हणजे मेटाफर. इंग्रजीत उत्प्रेक्षेला वेगळं घरच नाही, “ॲज इफ” वाली तुलना सिमिलीतच जाते. आणि बस खोकते म्हणजे पर्सॉनिफिकेशन, आपली चेतनगुणोक्ती, ही जोडी मात्र घट्ट.

राइम आणि यमक यात मला स्वतःला नवीन काहीतरी शिकायला मिळालं. बोलताना आपण “यमक जुळलं” म्हणतो तेव्हा राइमच म्हणायचं असतं, पण अलंकार म्हणून यमक म्हणजे तीच अक्षरं पुन्हा वेगळ्या अर्थाने येणं. ही मुलगी अक्षरं शोधायची. त्यामुळे “कम” आणि “होम” राइम होतात असं तिने लिहिलं होतं कारण दोन्हीच्या शेवटी ओ, एम, ई. आणि “फ्लाय” आणि “हाय” होत नाहीत, कारण एकाच्या शेवटी वाय आणि दुसऱ्याच्या जी, एच. मराठीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ एकच, म्हणून डोळ्यांनी यमक शोधलं तरी फसत नाही. इंग्रजीत डोळे मिटावे लागतात. तेच ॲलिटरेशनचं, “सिटी” आणि “कॅट” दोन्ही सी पासून पण ॲलिटरेशन नाही, आणि “नाइफ” के पासून लिहितात तरी “नीअर” शी जुळतं. शिवाय आपला अनुप्रास कुठल्याही जागेवरच्या अक्षराने चालतो, ॲलिटरेशन शब्दाच्या सुरुवातीच्या आवाजावर बघायचं. तेव्हापासून मी कवितेच्या प्रश्नाला आधी ओळ कुजबुजायला लावते, परीक्षेतही ओठांत पुटपुटलं तर कुणी उठवत नाही.

ॲपॉस्ट्रॉफीची गडबड शिक्षकांनीच टाळायला हवी. एका ओळीत “डोन्ट” होतं, त्यात वर तो छोटा स्वल्पविराम, म्हणून तिने अलंकार लिहिला ॲपॉस्ट्रॉफी. कुणीतरी सांगायला हवं ना की एकच शब्द दोन कामांना आहे. मूळ ग्रीक अर्थ तोंड वळवणे, सभेत बोलणारा श्रोत्यांकडून तोंड फिरवून हजर नसलेल्याला हाक मारायचा. पावसाला, मृत्यूला, विठोबाला थेट “तू” म्हणून बोललं की तो अलंकार. हे सांगितल्यावर तिला वेगळं उदाहरण द्यावं लागलं नाही, तिच्या आजीच्या ओव्यांमध्ये ते भरलेलं होतं.

ट्रान्सफर्ड एपिथेट ती सरळ सोडून द्यायची, वहीत मराठी रकाना रिकामा होता म्हणून. “स्लीपलेस नाइट” मध्ये झोप रात्रीला नसते, माणसाला नसते, विशेषण एक घर सरकलंय. मी म्हटलं आपण “उपाशी दिवस काढले” म्हणतोच की. दिवस कुठे उपाशी असतो. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “आई म्हणते असं.” मी पुढे काही बोलले नाही.

सगळ्यात जास्त वेळ मेटोनिमीला दिला आणि तो वेळ मला सगळ्यात आवडला. हिचाही रकाना रिकामा, कारण अलंकारांच्या यादीत हिला जोडीदार नाही. मी तिला म्हटलं अलंकाराचा धडा मिट, शब्दशक्तीचा काढ. अभिधा, लक्षणा, व्यंजना. लक्षणेखाली तिच्या मराठीच्या वहीत उदाहरण होतं, “पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली.” युद्धात बांगड्या कशाला फुटतील? फुटली बायकांच्या हातातली, नवरे मेले म्हणून. बांगडी बोलायची आणि विधवा झालेली बाई समजायची, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत. साम्य नाही, नातं आहे. ही मेटोनिमी. आणि त्याच पानिपताची ती सावकाराच्या पत्रातली बातमी घ्या, नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेली, दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर गणतीच नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ. मोती माणसाला चिकटलेला नसतो, मोती माणसासारखा मौल्यवान असतो, म्हणून ही मेटाफर. एकच लढाई, १४ जानेवारी १७६१, एकच दुःख, आणि ते सांगायच्या दोन वाटा. मी तिला म्हटलं, ज्या सदाशिव पेठेत बसून तू हे शिकतेयस तिला नाव त्याच भाऊंचं आहे, आणि ती बातमी सोसून नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये गेले ते तुझ्या घरावरच्या पर्वतीवर. ती म्हणाली, “रोज चढते मी ती.”

इथेही तिसरा रकाना भरावा लागला. लक्षणा म्हणजे मेटोनिमी असं लिहायचं नाही. लक्षणा खूप मोठी आहे, साम्यावरून येणारी ती गौणी, म्हणजे तिच्यात रूपकही येतं, आणि इतर नात्यांवरून येणारी शुद्धा. मेटोनिमी आणि तिची बहीण सिनेक्डकी, भाग सांगून अख्खं समजायचं, “घरात खाणारी तोंडं पाच” वाली, या दोघी शुद्धेच्या अंगणातल्या. तिने लिहिलं, “लक्षणा: मोठं घर. मेटोनिमी: त्यातली एक खोली.” मी काही दुरुस्त केलं नाही.

दोन मार्कांपैकी नाव लिहायला एकच मार्क, दुसरा स्पष्टीकरणाचा, आणि बहुतेक मुलं तिथे “बिकॉज द वर्ड लाईक इज यूज्ड” एवढंच लिहून मोकळी होतात. आता ती कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या जागी आली आणि दोघींचं नातं काय, हे एका वाक्यात लिहिते.

सहा आठवड्यांनी मी तीच पंधरा वाक्यं पुन्हा दिली, क्रम बदलून. तेरा बरोबर. दोन चुकली ती नको तिथे “वॉज बीइंग” लिहून, काळाची चूक, व्हॉइसची नाही. कोरं एकही नव्हतं. जानेवारीतल्या प्रिलिमला ८० पैकी ५४ मिळाले. आईने विचारलं, मग डोकं आहे ना? मी म्हटलं, डोकं पहिल्या दिवसापासून होतं, वही चुकीची होती.

अजून बाकी आहे ते बाकी आहे. “हॅव” आणि “अराइव्ह” सारख्या क्रियापदांचा पॅसिव्ह होत नाही हे ती घाईत विसरते, आयरनीला व्याजस्तुती म्हणते, तेही अर्धंच खरं आहे आणि त्यावर अजून बसायला वेळ मिळाला नाही.

गेल्या आठवड्यात तिने मोबाईलवर एका देवळाबाहेरच्या पाटीचा फोटो पाठवला. “चपला चोरीला गेल्यास देवस्थान जबाबदार नाही.” खाली मेसेज: ताई, “चपला चोरीला गेल्या” यात गेल्या हे चपलांप्रमाणे चालतंय, आणि इथे चपला कर्ता आहेत, म्हणजे मराठीत हे कर्तरी झालं. पण इंग्रजीत “द चप्पल्स वेअर स्टोलन” म्हणावं लागेल, म्हणजे पॅसिव्ह. हे तर माझ्या जुन्या वहीच्या बरोब्बर उलट आहे ना?

मी तिला हो म्हणून कळवलं आणि ते वाक्य माझ्या यादीत सोळावं म्हणून लिहिलं.